वाटीचे दोन ठोके

३ नोव्हें., सोम.
आजपासून आपल्या खानावळीत टिप बंद. बाबांनी गल्ल्यामागे पाटी लावली. मजकूर माझा: ‘टिप देऊ नये. पगार आम्ही वाढवला आहे.’ थाळी थोडी महाग केली, त्यातून वाढ. आजवर गणपतकाका वाढायचे म्हणून टिप त्यांच्या हातात. सुमनमावशी आत भाकऱ्या थापणार, त्यांना काका देतील तो वाटा. गिऱ्हाईक कमी, की दोघांचेही हाल. आता दोघांना ठरलेली रक्कम.
बडीशेपेच्या वाट्या माळ्यावर टाकल्या, पुड्या आणल्या. वाटी नसेल तर पैसे ठेवायला जागाच नाही.
मावशी दोनदा विचारून गेल्या. “खरंच ना ताई? मंग मागं नाई ना फिरनार?”

५ नोव्हें.
कोपऱ्यातल्या टेबलावरचे निवृत्त गुरुजी चिडले. काकांनी त्यांची नोट परत केली.
“मी काय लाच देऊन राह्यलो का बे, गणपत?”
काका हसले. नंतर बराच वेळ ते टेबल पुसत होते. पुसलेलंच.

८ नोव्हें.
मावशी पिठाच्या हातांनी दारात. “काऊन, भाजी बिघडून राह्यली का माही? चार-पाच दिस झाले, वाटी नाई वाजली.”
हे मी विसरलेच होते. मी!
टिप आली की काका बडीशेपेची स्टीलची वाटी टेबलावर दोनदा ठोकायचे. म्हणजे जेवण आवडलं, तुझा वाटा आला. आतून मावशी परातीवर एक थाप मारायच्या. मी गल्ल्याशेजारी स्टुलावर अभ्यास करायचे आणि ठोके मोजायचे. वांग्याच्या भाजीला सगळ्यात जास्त.
डिप्लोमाचा निकाल लागला त्या दुपारी खानावळ रिकामी होती. काकांनी रिकाम्या टेबलावर दोन ठोके दिले.
“कोन जेवलं?” मावशी आतून.
“कोनी नाई. आपली पोरगी पास झाली.”
परात तीनदा वाजली होती. कुणाला सांगितलेलं नाही हे कधी.

११ नोव्हें.
काका जालना रोडवरच्या ढाब्यावर जायचं म्हणतात. तिथे टिप चालते. मी म्हटलं, इथे आता मिळतात ते पैसे आधीपेक्षा जास्त आहेत.
“जास्तच हायेत, पोरी. त्याचं नाई. मानूस जेवून उठते, चालला जाते. मले कळतच नाई कसा गेला तो.”
“विचारायचं त्यांना.”
“तोंडावर कोनी वाईट सांगते का?”
बाबा म्हणाले, “कर मग टिप सुरू.” लगेच आतून मावशी: “अन् माहा पगार?”
दोघांचंही बरोबर. दोन्ही बरोबर असलं की मला सुचत नाही.

१४ नोव्हें.
माळ्यावरून वाट्या काढल्या. एकीच्या बुडाला पोचा आहे, ठोकून ठोकून पडलेला. ती काकांची. सगळ्या घासल्या, बडीशेप भरली. पाटी आहे तिथेच. पोचावाली वाटी काकांपुढे ठेवली: “जेवण आवडलेलं दिसलं की वाजवा.”
काकांनी पोच्यावरून अंगठा फिरवला. “पैसे नाई तं वाजवू कायले? खोटं होईन ते.”
“माझ्या निकालाला वाजवली होती.”
त्यांनी वाटी खाली ठेवली. “तुले आठवते?”
मी गल्ल्यावर जाऊन बसले.
ढाबेवाल्याला ते उद्या दुपारनंतर कळवणार.

१५ नोव्हें., दुपार
गल्ल्यावरच लिहिते आहे. आज वांग्याची भाजी. गुरुजींनी दोनदा मागितली, ताट भाकरीने पुसून खाल्लं. खिशात हात घातला, पाटीकडे पाहिलं, रिकामा हात बाहेर काढला. “चलतो बे, गणपत,” म्हणाले आणि गेले.
काका टेबलापाशी आहेत. बडीशेपेची वाटी उचलली आहे त्यांनी. अजून खाली ठेवलेली नाही.
आत भाकरी थापायचा आवाज थांबलाय.