पाणी न सोसणारे यंत्र आणि सासूबाईंचे लुगडे

दिनांक : १० डिसेंबर २००७

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी साहेब,
कल्याण, जि. ठाणे

विषय : साबणाच्या पुड्या बंद करणाऱ्या यंत्रावर नारळ फोडल्याचा आळ अर्जदारावर घातल्याबाबत, व त्याच यंत्रासाठी अर्जदाराच्या घरातील लुगडे तुकड्यातुकड्याने नेले जात असल्याबाबत.

संदर्भ : १) कंपनीचे आरोपपत्र, दि. २४ ऑक्टोबर २००७. २) बडतर्फीचे पत्र, दि. १५ नोव्हेंबर २००७. ३) माफीपत्राचा मसुदा, दि. ५ डिसेंबर २००७ (सही न केलेला).

महोदय,

अर्जदार सौ. जया काळूराम हरड, वय वर्षे छत्तीस, राहणार सिद्धगडाच्या पायथ्याशी, तालुका मुरबाड, हिच्या वतीने सविनय निवेदन की, सदर बाईला लिहिता येते. पण तिने लिहिले तर सगळे एका पानात उरकेल, आणि एका पानाचा अर्ज कोणी मनावर घेत नाही, हा अर्ज लिहून देणाऱ्याचा कचेरीतला एकतीस वर्षांचा अनुभव आहे. सबब हे काम त्याने अंगावर घेतले. कंपनीचे नाव सोबतच्या पत्रांवर छापलेले आहेच. ते इथे पुन्हा लिहून बाईच्या मागे आणखी एक नोटीस लावण्याची हौस नाही. पंधरा डिसेंबरपर्यंत बाईने माफीपत्रावर सही केली तर तिला झाडूवर परत घेणार आहेत. नाही केली तर कारखान्याचे फाटक तिला कायमचे बंद. आज दहा तारीख आहे.

१) प्रथम माल काय ते सांगणे भाग आहे, कारण साहेबांना खोटे वाटेल. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत हा कारखाना परदेशी पाठवण्यासाठी कपडे धुण्याच्या पातळ साबणाच्या पुड्या करतो. पुडी फोडायची नाही. पुडीसकट कपड्यांत टाकायची, पाणी लागले की पुडीचे कातडेच विरघळून जाते. आमच्याकडे कपडे दगडावर आपटतात, त्यामुळे ही पुडी इथे कोणी फुकट दिली तरी घेणार नाही, पण तिकडे म्हणे फार खपते. कारखान्यातल्या बाया तिला करंजी म्हणतात आणि अर्जातही पुढे तेच म्हटले आहे.

२) करंजी बंद करणारे यंत्र असे आहे. खालची पातळ फिल्म गरम होऊन एका फिरत्या पिंपाच्या खड्ड्यांत ओढली जाते. खड्ड्यांत साबण पडतो. वरून दुसरी फिल्म येते. ती येता येता ओल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, रुळावरून सरकते, जराशी ओलसर होते आणि खालच्या फिल्मला चिकटते. पुढे पाते कापते, झाली करंजी. सगळी मेख त्या ओलाव्यात आहे. कमी पडला तर कड सुटते, जास्त झाला तर करंजीच विरघळते आणि साबण पिंपावर. असल्या वस्तूला पाण्याने बंद करण्याची अक्कल ज्याची, त्याला अर्ज लिहून देणाऱ्याचा नमस्कार.

३) सन २००४ मध्ये यंत्र आले तेव्हा अर्जदार तिथे झाडू मारत होती. परदेशातून इंजिनीअर आला, अकरा दिवस राहिला, रोज उकडलेली अंडी खाल्ली आणि कड काही धरेना. कधी सुटायची, कधी वितळायची. अर्जदार साबण पुसून पुसून बेजार झाली. बाराव्या दिवशी तिने सांगितले की, करंजीची कड बंद करताना ओले बोट तसेच फिरवत नाहीत, आधी पदराला पुसतात आणि मग फिरवतात. तुमचा रूळ पुसायला कोणी नाही. इंजिनीअर हसला. मग त्याला हसू येईना, कारण दुसऱ्या दिवशी त्याचे विमान होते. अर्जदाराने आपल्या जुन्या लुगड्याची वीतभर रुंद पट्टी रुळावर टेकेल अशी बांधली. नमदा भिजायचा, पट्टी जास्तीचे पाणी पिऊन टाकायची आणि फिल्मला हवा तेवढाच ओलावा लागायचा. त्या दिवसापासून एक करंजी फुटली नाही. अर्जदार यंत्रावर उभी राहू लागली ती तीन वर्षे उभीच होती. कागदावर मात्र ती शेवटपर्यंत सफाई कामगारच राहिली. कागदाला कोण विचारतो, असे तेव्हा तिला वाटले. इथेच ती चुकली.

४) यंत्राच्या खोलीत पाण्याला बंदी आहे. तांब्या नाही, बाटली नाही, ओल्या केसांची बाई नाही. सोमवारी न्हाऊन आलेल्या बाया केस वाळेपर्यंत बाहेर बसत. दोन वर्षांपूर्वी अर्जदाराची सासू वारली आणि तेरा दिवसांनी कामावर आल्यावर तिला यंत्रासमोर रडू आले, तेव्हा व्यवस्थापक श्री. शेखर साहेबांनी रडण्यासाठी बाहेर पाठवले होते. अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही. नियम बरोबर होता, ती स्वतःच इतर बायांना तो लावत असे.

५) आता मूळ प्रकरण. दि. २० ऑक्टोबर, खंडेनवमी. फळ्यावर सूचना लागली की सर्व यंत्रांची पूजा होईल आणि मालकांच्या मातोश्री स्वतः येतील. अर्जदाराने यंत्र पुसले, झेंडूचे तोरण बांधले, कोरडे कुंकू लावले, कोरड्या अक्षता वाहिल्या. तिच्या हिशेबी पूजा तिथेच संपली. पण मातोश्री कलश, आंब्याचा डहाळा आणि सोललेला नारळ घेऊन खोलीत शिरल्या. ज्या खोलीत ओले केस चालत नाहीत तिथे भरलेला कलश चालला, कारण तो मालकांच्या आईच्या हातात होता.

६) आमच्याकडे रिवाज आहे की ज्याचे अवजार, त्याच्या घरच्या सवाष्णीने नारळ आपल्या हाताने मोठ्या माणसाच्या हाती द्यायचा. नांगराचा असो, जात्याचा असो. मातोश्रींनी नारळ अर्जदाराच्या हातात ठेवला आणि दे म्हणाल्या. अर्जदार यंत्राला आपलेच मानते, म्हणून रीत मोडवेना. तिने त्यांच्या पाया पडून नारळ दिला आणि दोन्ही हात आडवे धरून म्हणाली, "आई, हिला पानी चालत नाय. नारल भायेर फोडा." शेखर साहेबांनी तिला दटावले की देवाच्या कामात तोंड घालू नये. मातोश्रींनी पिंपाच्या कडेवरच नारळ फोडला. हात मोठा सराईत. पाणी सगळे खड्ड्यांत गेले. वर डहाळ्याने कलशातले पाणी चौफेर शिंपडले, फिल्मच्या नव्या रिळावरही, कारण तेही यंत्रासारखे दिसत होते. मग सगळ्यांना खोबरे मिळाले. अर्जदाराने घेतले नाही.

७) दसऱ्यानंतर खोली उघडली तेव्हा पिंपाचे खड्डे खळीने भरलेले, रीळ लाकडासारखे घट्ट, आणि मुंग्या. यंत्र चार दिवस बंद. परदेशचा माल अडकला. कोणीतरी पाणी टाकले असणार हे उघड होते, आणि मातोश्रींनी टाकले नसणार हेही कंपनीत तितकेच उघड होते. राहिली अर्जदार.

८) चौकशी झाली. कंपनीनेच नेमलेल्या वकिलांनी विचारले, नारळ कोणी दिला? बाईने खरे ते सांगितले, मी दिला. ते लिहून घेतले. त्यापुढे ती जे म्हणाली, की बाहेर फोडा असेही मीच सांगितले होते, ते वकील साहेबांनी विषयाला सोडून आहे म्हणून लिहिले नाही. विषय नारळ, आणि तो कुठे फोडू नये हे विषयाला सोडून! एकतीस वर्षांत अर्ज लिहून देणाऱ्याने पुष्कळ पंचनामे पाहिले, पण हा असा पहिलाच. मग नारळ फोडला कोणी, असे कोणी विचारलेच नाही. बाईनेही आपण होऊन थोर माणसाचे नाव घेतले नाही. संस्कार नडले म्हणतात ते असे.

९) चौकशी चालू असतानाच अर्जदाराला घरी बसवून तिच्या जागी श्री. हरेश यांना आणले. त्यांची वीस वर्षे शाम्पूच्या पुड्यांच्या यंत्रावर गेली आहेत. शाम्पूची पुडी तापवून दाबली की बंद होते, त्यामुळे त्यांना ओलाव्याचे काही पडलेले नाही. रुळावरची पट्टी त्यांना घाणेरडी चिंधी वाटली. तिचा त्यांनी पहिल्याच दिवशी बोळा करून बूट पुसले. त्या दिवसापासून करंज्या खोक्यांत फुटू लागल्या. मग हरेश अर्जदाराच्या दारात. माणूस वाईट नाही. हात जोडून विचारले, तर बाईने सांगितले. त्यांनी मुरबाडच्या बाजारातून कोरे कापड आणले. कोऱ्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही. परत आले. शेवटी बाईने सासूचे लुगडे काढले. वीस वर्षांच्या भाताच्या लावण्या-कापण्यांत धुऊन धुऊन मऊ झालेले, गोधडी शिवायला म्हणून ठेवलेले. त्यातून एक पट्टी फाडून दिली. यंत्र चालले.

१०) पट्टी आठवडाभर टिकते. पूर्वी अर्जदार तीच पट्टी रोज दोनदा वाळवत असे, म्हणून महिना जाई. हरेशना वेळ नाही. तेव्हा दर सोमवारी कंपनीची जीप अर्जदाराच्या दारात उभी राहते आणि लुगडे पट्टीपट्टीने कारखान्यात जाते. अर्जदाराचे पती काळूराम विचारतात की सासूनंतर सुनेच्या लुगड्यांचा नंबर आहे का, तसे असेल तर आधी सांगावे. ज्या बाईला यंत्राचा नाश केला म्हणून काढले, तिच्याच घरून यंत्राचे औषध नेले जाते. बडतर्फीचे पत्रही याच जीपमधून आले होते, पट्टी न्यायला येताना.

११) कळस असा की, 'ओलावा-नियंत्रक कापडी पट्टी' या सुधारणेबद्दल श्री. शेखर साहेबांना मालकांच्या सहीचे प्रशस्तिपत्र मिळाले असून ते चौकटीत घालून कार्यालयात लावले आहे. फोटोत साहेब आहेत आणि मागे सासूबाईंच्या लुगड्याचा हिरवा काठ स्पष्ट दिसतो. हे हरेशनीच येऊन सांगितले. त्यांनाही लाज वाटली असावी.

१२) सबब मायबाप सरकारकडे मागणे की, चौकशी पुन्हा व्हावी आणि अर्जदाराचे म्हणणे अर्धे नको, पूर्ण लिहिले जावे. तिला यंत्रावर, आणि कागदावरही यंत्रचालक म्हणूनच, परत घ्यावे. माफीपत्राचा मसुदा रद्द व्हावा, कारण त्यात 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असे लिहिले आहे. ती सगळे सोसेल, पण त्या यंत्राशी आपण निष्काळजीपणे वागलो हे ती लिहून देणार नाही. उरलेले लुगडे गोधडीसाठी घरीच राहावे, हे कलम अर्ज लिहून देणाऱ्याने पदरचे घातले आहे. बाईने सांगितलेले नाही.

१३) शेवटी एक गोष्ट साहेबांच्या कानावर घालणे आवश्यक वाटते. अर्ज लिहून देणाऱ्याने बाईला सांगितले की अर्जाची गरजच काय? येत्या सोमवारी पट्टी देऊ नकोस. आठ दिवसांत मालक मातोश्रींसह तुझ्या अंगणात येतील. बाईने हात जोडले. "तिथं चालीस बाया कामाला हायेत. न त्या मशीननं माझं काय वाकडं केलंय?" असे म्हणाली. अर्ज लिहून देणाऱ्याला राग आला, अजून आहे. पण अर्ज तिचा आहे. तिने आज सकाळीच पुढच्या सोमवारची पट्टी फाडून, धुऊन वळणीवर टाकली आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी, नम्र, परंतु माफीपत्रावर सही न करणारी,

(सही) जया काळूराम हरड

अर्ज लिहून देणार : धाऊ गोमा पष्टे, निवृत्त अव्वल कारकून, मुरबाड

सोबत : १) वरील तिन्ही पत्रांच्या प्रती. २) चौकशीच्या जबाबाची प्रत, पान एक. दुसरे पान नाहीच.

ता. क. : खालील मजकूर अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. सुधारू दिला नाही.

सायेब, लुगडं आता दोन हात उरलंय. ते संपलं का मशीन बंद पडंल, न मग ते आपनच मना बोलवाया येतील. मना तसं जायाचं नाय. मशीन चालू हाय तोवर निकाल द्या.