घाणेरी, मंडळ आणि वरची वाट

६ जुलै, रवि.
कदम मॅडमनी शेवटी हो म्हटलं!! शिवडीच्या टेकडीच्या वनरक्षक त्या, आणि हो म्हणायला त्यांना फार त्रास होतो. वरची पायवाट आता माझ्या जबाबदारीवर. दोन्ही बाजूंनी घाणेरी एवढी माजलीय की लोक वाट सोडून उतारावरून चालतात, मग माती सुटते. त्यांच्या वरच्या साहेबांचं म्हणणं, पेव्हर ब्लॉक टाका, विषय संपवा. मॅडम म्हणाल्या, "डिसेंबरपर्यंत टाइम देते. वाट मोकळी पाहिजे, आणि कडेला बाहेरचं, परदेशी एक झाड दिसलं नाही पाहिजे. नाहीतर ब्लॉक."
डन.
आईला सांगितलं. "घरातलो केर काढूक सांगितलो की हात दुखतत तुझे."

१३ जुलै, रवि.
कॉलेज ग्रुपवर सगळ्यांनी थम्स-अप टाकला. आले दोघं, त्यातला एक फोटोपुरता. माणसं पाहिजेत. लालबागमध्ये माणसं कोणाकडे असतात? मंडळाकडे! चाळीखाली बाळूदादाला गाठलं. आमच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष, मी शेंबडी होते तेव्हापासून ओळखतो.
"दादा, जंगल साफ करायचंय."
"बिर्याणी आहे?"
"वडापाव."
"बघतो."

२० जुलै, रवि.
आले! अख्खी गँग, मंडळाच्या टी-शर्टमध्ये. काय मशीन आहेत ही पोरं यार. घाणेरी वरून छाटली की डबल जोरात फुटते. कुदळ मुळाच्या खाली मारायची, खोड उपटायचं, मुळं वर करून उलटं ठेवायचं. एकदा दाखवलं, जमलं. प्रत्येक झुडपामागे जयजयकार. मॅडम लांबून बघत होत्या. हसल्या. शप्पथ.

२४ ऑगस्ट, रवि.
वाट टोकापर्यंत मोकळी! उताराला आडवे दगड लावलेत, पाणी बाजूला जाईल. कडांना करंज, कुडा, थोडी बेहड्याची रोपं. उरलेली घाणेरी, फुलाफळांसकट, दादाने टेम्पोत भरून नेली. यंदा मखर जंगलाचं. "फुकटात, आणि वर इको-फ्रेंडली." भारी आयडिया. मीच स्टोरी टाकली.

७ सप्टें.
काल विसर्जन. आवाज बसलाय. निर्माल्य, हार, मखराच्या फांद्या, सगळं चाळीमागच्या ड्रममध्ये, खतासाठी. पाय गेले. झोप.

१२ ऑक्टो., रवि.
दादाचं सरप्राइज! खत तयार. पोरं गोण्या डोक्यावर घेऊन टेकडीवर, ताशा तेवढा नव्हता. "बाप्पाचं आहे, टेकडीला द्यायचं." वाटेच्या दोन्ही कडांना, रोपांच्या बुडाशी पसरलं. नारळ फोडला. मी व्हिडिओ काढताना रडले वगैरे.

२३ नोव्हें., रवि.
कडा हिरव्यागार. खूश होऊन वाकले. पान चुरगळलं, वास घेतला.
घाणेरी. असंख्य पिल्लं. आमच्याच खतातून. फांद्यांवर पिकलेली फळं होती आणि आम्ही ती ड्रममध्ये... मध्ये मध्ये झेंडूपण, हारांतला.
दादाला फोन.
"उपटायला लागेल, लगेच."
"पोरं कुदळ नाय मारणार तिथे. निर्माल्य आहे त्यात."
"दादा, ब्लॉक टाकतील!"
"अगं, पाय ठेवत नाहीत ते तिथे, कुदळ कसली."

२५ नोव्हें.
मुद्दाम सकाळी जाऊन बघितलं. उतारावर चपलेचा एक ठसा नाही! मॉर्निंग वॉकवाले काका-काकूसुद्धा गपचूप वाटेवरून. एक काकू "निर्माल्य आहे" म्हणत कडेला हात जोडून गेल्या. 'वाट सोडू नका' असे मी किती बोर्ड लावले होते, कोणी ढुंकून बघितलं नव्हतं.

३० नोव्हें., रवि.
एकटीच गेले. शूज काढले, हातानेच सुरुवात केली. पिल्लं कोवळी आहेत, मुळासकट येतात. काही तासांनी दादा आला. चपला काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला.
"बाप्पाने कुठे घाणेरी मागितली होती? आपणच चढवली." आणि पोरांना फोन.
संध्याकाळपर्यंत मंडळ टेकडीवर, सगळे अनवाणी. झेंडूला कोणी हात लावला नाही.

१४ डिसें., रवि.
घाणेरी साफ, दोनदा चेक केलं. उद्या साहेब येतायत. आणि झेंडू असा फुललाय की खालून पिवळी रेघ दिसते.
मॅडम आल्या. "हे काय? बाहेरचं एक नको म्हटलं होतं ना?"
बरोबर आहे त्यांचं. झेंडूही घाणेरीसारखाच अमेरिकेकडचा. पण तो घाणेरीसारखा रान गिळत नाही. दादाला सांगितलं, तर म्हणतो, "असू दे. माझा बाप पण कणकवलीवरून आलेला."
मी मॅडमना म्हटलं, झेंडू आहे म्हणून लोक कडेला पाय ठेवत नाहीत. माती थांबलीय. मुद्दा तोच होता ना?
"साहेबांना काय सांगणार?"
"हेच. उपटायचाच असेल तर उद्या, त्यांच्यासमोर. आज नाही."
मॅडम वळल्या. खाली निघाल्या. वाटेत समोरून वॉकवाल्यांचा ग्रुप आला, बाजूला व्हायला जागा नाही. मॅडम थांबल्या, अंग चोरून त्यांना जाऊ दिलं. कडेवर पाय नाही ठेवला.