क्वार्टरबॅक तिसऱ्या फेरीत

६ मार्च, रविवार

टेस आली होती. पाय न पुसता आत. काय सांगते, तर संघाच्या ऑफिसात चौदा पुरुषांच्या बैठकीत माझी पोरगी उभी राहून म्हणाली — क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत घ्यायचा नाही!

सगळं टोलेडो बोंबलतंय. आपल्या हॅमर्स फुटबॉल संघाच्या चेंडू फेकणाऱ्या जुन्या क्वार्टरबॅकचे गुडघे गेले, ड्राफ्टमध्ये दर फेरीत एकेक संघ कॉलेजचा एकेक पोरगा उचलतो, त्यात नवव्या नंबरवर आपली पाळी आहे, तो टेक्ससचा उंच पोरगा उचला आणि मोकळे व्हा. आणि ही म्हणते, आधी त्याच्यापुढे उभा राहून धक्के खाणारा धिप्पाड गडी घ्या. चेंडू फेकणारा कितीही चांगला असो, पुढची भिंत पडकी असली की तो ख्रिसमसच्या आत लंगडा होणार. फेकणारा तिसऱ्या फेरीत घ्या. तिच्या साहेबाने, हॉलिसने, विचारलं म्हणे, तिसरीपर्यंत चांगला कोण उरतो? ही म्हणाली, ज्याला कोणी नीट बघितलंच नाही तो.

मी नववीत शाळा सोडली. शाळेचीच बस चालवते. आणि माझी पोरगी हॅमर्ससाठी खेळाडू पारखते, अख्ख्या ताफ्यात एकटी बाई. इथे लिहिते, कारण बाहेर बोललं की म्हणतात आयरीन फुशारकी मारते. मारते. मग?

तिसऱ्या फेरीतल्या त्या पोराचं नावही मला सांगितलं. लिंडक्विस्ट. नॉर्थ डकोटातलं कुठलंसं बारकं कॉलेज. म्हणाली, "आई, हे नाव या स्वयंपाकघराबाहेर जाता कामा नये. मे महिन्यात माझा करार संपतो. हा ड्राफ्ट फसला तर नवा मिळणार नाही."

मी काय लहान आहे?

११ मार्च, शुक्रवार

चर्चच्या तळघरात मासे तळले. ईस्टरआधीच्या उपासाचा दुसरा शुक्रवार, मटण वर्ज्य, मासा चालतो, म्हणून रांग पार रस्त्यापर्यंत. तीनशे ताटं. मासा घेता घेता प्रत्येक जण मला क्वार्टरबॅक शिकवतो. जसं काही मीच निवडणार आहे. शेजारी बर्निस पिठात मासे घोळवत होती. चाळीस वर्षांची मैत्रीण, मला ओळखून आहे. म्हणाली, तोंड मिटून तळ. मिटलं. जीभ चावून चावून दुखली.

१८ मार्च, शुक्रवार

बोलले.

आमच्या गल्लीतला हँक वोज्निअक ताट घेऊन समोर उभा. मासा हवा होता तर घ्यायचा आणि निघायचं. पण नाही. मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय गं आयरीन, तुझ्या टेसला तिथे कॉफी करायला ठेवलंय ना?" रांगेतले हसले. पाद्रीसुद्धा.

मी झारा खाली ठेवला. म्हटलं, तुम्ही सगळे त्या टेक्ससच्या पोरासाठी छाती बडवा. माझी टेस डकोटाचा लिंडक्विस्ट आणणार आहे, आणि तोही तिसऱ्या फेरीत, फुकटात मिळाल्यासारखा. कॉलेजचं नावही सांगून टाकलं. वर म्हटलं, लिहून घे, विसरशील.

हँक हसला नाही. हँकचा जावई मिलवॉकीच्या संघात नोकरीला आहे. हे मला दहा वर्षं माहीत आहे. दहा वर्षं! नेमकं तेव्हा कुठे गेलं होतं डोक्यातून?

बर्निस कढईतले करपलेले मासे काढत राहिली.

२२ मार्च, मंगळवार

बसमध्ये रेडिओ लावला होता. खेळाच्या कार्यक्रमात कोणीतरी फोन करून विचारलं — हॅमर्सचा डोळा कुठल्या लिंडक्विस्टवर आहे म्हणे, कोण हा? मी एक थांबा सोडून पुढे गेले. मागून पोरं ओरडली तेव्हा कळलं.

२३ मार्च

टेसला फोन लावला. उचलायच्या आत ठेवला.

२७ मार्च, रविवार

सांगितलं. टेस पिएरोगी, आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या, खात होती. चावायची थांबली. कोणासमोर, विचारलं. हँकसमोर. कॉलेजचं नाव? सांगितलं. तिसऱ्या फेरीचं? तेही. मग तिने ताटातल्या दोन पिएरोगी संपवल्या, ताट विसळलं आणि म्हणाली, "बरं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझी पोरगी शिव्या देत नाही, तेच वाईट. मी म्हटलं, हॉलिसकडे मी येते, चूक माझी आहे, मी सांगते. तर म्हणाली, "आई, तू कुठेही जायचं नाहीस."

६ एप्रिल, बुधवार

बर्निसने बातमी आणली. मिलवॉकीची माणसं डकोटाला जाऊन आली. दोनदा. आता ते कशाला थांबतील तिसऱ्या फेरीपर्यंत? टेसला लगेच फोन केला. म्हटलं, हट्ट सोड, साहेबाला सांग, दुसऱ्याच फेरीत घेऊन टाका. म्हणाली, दुसऱ्या फेरीत आम्हाला कोपऱ्यावरचा बचाववाला हवाय. क्वार्टरबॅक तिसऱ्यातच. जे ठरलं ते ठरलं.

म्हटलं, अगं नोकरी जाईल! तर म्हणाली, गेली तर गेली. आवाज शांत. माझा हट्ट आहे तिच्यात, पण माझा थयथयाट नाही. कोणावर गेली कोण जाणे.

१७ एप्रिल, ईस्टर

टेस आली नाही, काम आहे. चर्चमध्ये मेणबत्ती लावली. संघासाठी नाही, करारासाठी.

२८ एप्रिल, गुरुवार

पहिली फेरी. बर्निसच्या घरी बघितली. नववा नंबर आला. हॅमर्सने घेतला आयोवाचा धिप्पाड गडी, तीनशे पंधरा पौंड, पडद्यात मावेना. बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॅमर्सची टोपी पेटवली. पलीकडच्या ओसरीवरून हँक ओरडला, अभिनंदन आयरीन, भिंत घेतली, आता फेकणार कोण?

मी ताठ बसून राहिले. अख्खं गाव एक बोलत होतं आणि संघाने माझ्या पोरीचं ऐकलं. उद्या काय व्हायचं ते होवो. आजचा दिवस तिचा. लोक टोप्या जाळोत.

२९ एप्रिल, शुक्रवार

दुसरी फेरी. मिलवॉकीने लिंडक्विस्ट घेतला.

त्याची आई दाखवली. स्वेटरची बाही तोंडात धरून रडत होती. पोरगा तिला मिठी मारून उभा. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. उठून बर्निसच्या न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. तिसऱ्या फेरीचं तिथूनच ऐकलं. हॅमर्सने क्वार्टरबॅकच घेतला, आर्सेनो नावाचा. लुईझियानाचा. टीव्हीवालेसुद्धा कागद चाळत होते, कोण हा म्हणून.

म्हणजे आयत्या वेळी पोरीला मिळेल तो उचलावा लागला. माझ्या तोंडामुळे. फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करू?

१ मे, रविवार

टेस आली. नवा करार घेऊन, तीन वर्षांचा.

तिला हवा होता तो आर्सेनोच. पहिल्यापासून तोच. दोन वर्षं ती त्याला बघत होती, आणि मिलवॉकीलाही त्याचा वास लागला होता. त्यांना दुसरीकडे धाडायला कोणीतरी हवा होता — लिंडक्विस्ट. मी म्हटलं, आणि मी बोललेच नसते तर?

"आई, तू बोलणार यावर माझा पूर्ण भरवसा होता."

अर्धा तास भांडी आपटली. मग तो करार घेतला आणि हँकचं दार वाजवायला गेले.