बिनमाशांची टाकी

प्रिय चिंगे,

मागच्या वेळी तू येऊ का म्हणून विचारलंस, तेव्हा टाकीचं पाणी अजून बसलेलं नाही असं मी कळवलं. त्याच्या आधी छोट्या खोलीत सगळीकडे मीठ सांडलंय असं कळवलं होतं. दोन्ही खरं होतं. पण मीठ झाडायला कितीसा वेळ लागतो, हे तुलाही कळतं. तुझा मुलगा पालथा पडायला लागल्याचं आईकडून समजलं, आणि सख्ख्या मावशीने त्याला अजून पाहिलेलं नाही. म्हणून आज टाकीची हकीकत पहिल्यापासून लिहिते. फोनवर मला जमणार नाही. फोनवर मी नुसतं हं हं करते, अशी तक्रार तू आईकडे केलीच आहेस.

टाकी याने आणली. तुझ्या भाऊजींचा स्वभाव तुला माहीत आहे, विचारणं नाही, सांगणं नाही. ज्या इमारतीची लिफ्ट हा दुरुस्त करत होता, तिथलं एक कुटुंब घर सोडून चाललं होतं. त्यांची ही लहानशी काचेची टाकी जिन्यात पडलेली होती. याने ती उचलून आणली आणि छोट्या खोलीत बाळाच्या कपड्यांसाठी घेतलेल्या बुटक्या कपाटावर ठेवली. घरात तेवढं भक्कम दुसरं काही नव्हतं, असं म्हणाला. मग लिफ्टच्या कामातली बुडबुड्याची पट्टी आणून पातळी तपासली, एका पायाखाली पुठ्ठा सरकवला. मी दारातून बघत होते. इथे का, असं विचारायचं मनात आलं, पण विचारलं नाही. त्या दिवसांत आम्ही दोघंही मिठाची गुळणी धरून होतो. दूध संपलंय, गॅस येणार आहे, एवढंच बोलणं.

गोड्या पाण्याचे मासे सोडले असते तर काम सोपं होतं. पण टाकीबरोबर खाऱ्या पाण्याचंच सगळं सामान आलेलं, मिठाची अर्धी बादलीसुद्धा. माशांच्या दुकानात एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मास्तर म्हणते, कारण काहीही विचारा, ते समुद्र कसा झाला तिथून सुरू करतात. त्यांचं ऐकून घ्यायला धीर नव्हता, म्हणून पहिल्या दिवशी मी भाजीत घालावं तसं अंदाजाने मीठ थेट टाकीतच ओतलं. पाणी पांढरंफटक झालं, अर्धं मीठ वाळूवर जाऊन बसलं. सगळं उपसलं. दुसऱ्यांदा बादलीत मीठ विरघळवून, खारटपणा मोजून मग घातलं. पुढे पाणी थोडं कमी झालं की मी वरून पुन्हा खारंच पाणी घालत राहिले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. उडून जातं ते पाणी, म्हणाले, मीठ कुठेही जात नाही, ते आतच साठत राहतं. वरून साधं पाणी घालायचं. हे मला सुचायला हवं होतं. हल्ली सुचत नाही.

मासे मात्र लगेच आणायचे नसतात. नव्या टाकीत मासा जगत नाही. माशाची घाण खाऊन टाकणारे बारीक जिवाणू आधी टाकीतल्या दगडांत आणि वाळूत वसावे लागतात, आणि ते यावेत म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचा खाऊ टाकायचा. तो कुजतो, पाण्यात अमोनिया होतो, आणि हळूहळू तो अमोनिया खाणारे येतात. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की रंग दिसतो. हिरवा म्हणजे अजून विष आहे. पिवळा झाला की टाकी तयार.

हे काम मला बरं वाटलं. संध्याकाळी लॅबमधून आलं की छोट्या खोलीत जायचं, चिमूट टाकायची, झाकण लावायचं. पंप घुरघुरतो, पाणी फिरतं, आत कुणी नाही. बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून मला बघवत होतं. पण रंग हिरवाच राहिला. महिना उलटला, दुसरा सरत आला, तरी हिरवा. मास्तर म्हणाले, तुम्हाला रंग नीट दिसत नसेल. आता हे मला सांगायचं, चिंगे? दिवसभर लोकांच्या उरलेल्या दातांशी रंग जुळवून नवे दात बनवते मी. पांढऱ्याच्या जेवढ्या छटा मला दिसतात तेवढ्या त्यांच्या दुकानात मासेही नसतील. मग म्हणाले, खाऊ जास्त पडतोय. मी म्हटलं, एक चिमूट. त्यांचा विश्वास बसला नाही.

एक सांगून टाकते, कारण तुझ्यापाशी नाही तर कुणापाशी सांगणार. ती जन्मली आणि रडली नाही. मीही रडले नाही. सगळे म्हणाले, धीराची आहे. धीर कसला. आमच्या लॅबच्या खालच्या दवाखान्यातून लोक दाताचं इंजेक्शन घेऊन बाहेर येतात, कोपऱ्यावर चहा पितात, आणि हनुवटीवरून ओघळ येतो ते त्यांना कळत नाही. माझं तसं झालंय. तुझ्या मुलाची बातमी आली तेव्हा मी छान म्हणाले आणि कुकर लावला. वाईट वाटलं नाही, आनंदही झाला नाही. मला भीती वाटते ती याचीच. तू त्याला माझ्या हातात दिलंस आणि मला काहीच वाटलं नाही, तर?

तर, मागच्या आठवड्यात मला ताप आला. एरवी माझी बस हा निघायच्या आधीची, त्यामुळे सकाळी मी घरी नसते. त्या दिवशी अंथरुणात होते. हा कामावर निघाला, खांद्याला अवजारांची पिशवी, हातात हेल्मेट, आणि दाराकडे न जाता छोट्या खोलीत वळला. मी उठून मागे गेले. याने टाकीचं झाकण काढलं, डबीतून चिमूट घेतली आणि पाण्यात सोडली. मग वाकून बघत राहिला, कुणी वर येतंय का बघावं तसा.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, पहिल्यापासून. तोही मास्तरांकडे जाऊन आला होता, समुद्र कसा झाला ते ऐकून आला होता. मी म्हटलं, अरे, मी घालते ना रोज. तो म्हणाला, मला वाटलं, तुला या खोलीत यायला नको वाटत असेल. मलाही त्याच्याबद्दल अगदी हेच वाटलं होतं. दोन महिने आम्ही दोघं एकमेकांना चोरून एका रिकाम्या टाकीला भरवत होतो.

तो त्या दिवशी कामावर उशिरा गेला. आम्ही तिथेच फरशीवर बसलो. तिच्याबद्दल बोललो, फार नाही, थोडंसंच. रडू आलं नाही. पण मला भूक लागली, खरीखुरी, कितीतरी दिवसांनी. त्याने पोळ्या गरम केल्या आणि आम्ही तिथेच बसून खाल्ल्या. आता खाऊ सकाळी तो घालतो आणि संध्याकाळी मी नुसती बघते. आज नळीतलं पाणी पिवळं आलं. मास्तर म्हणतात, एक मासा आणा, एकच, घाई करू नका.

आता हे पत्र का, ते सांगते. परवा तू लिहिलंस की ताई, आता मी विचारणार नाही, फोटोही पाठवणार नाही, तुला त्रास होतो. त्रास होत नव्हता गं. तू दर रविवारी फोटो पाठवत होतीस आणि मी एकही उघडत नव्हते. मी उघडत नाही हे तुला दिसत होतं, तरी तू पाठवत राहिलीस. आज सगळे उघडले, पहिल्यापासून ओळीने. चिंगे, त्याचे कान थेट आपल्या बाबांसारखे आहेत, तसेच बाहेर आलेले, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. मी त्या कानांकडे बघत बसले आणि मग जे रडले, ते हा घरी आला तरी थांबले नव्हते. त्याला घेऊन ये. छोटी खोली झाडून ठेवली आहे. मासा तुम्ही आल्यावरच आणू.

तुझीच,
ताई