वकिलीणबाईचं निळं लुगडं

अमरावती, मंगळवार, आषाढ, सन १९५०

पहिले आली ती वकिलीणबाई, मंग तिच्या मागून महिला मंडळाच्या दोघी. निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी बाया आपण देलेली लुगडी नेसतात का, ते पाहाले आल्या.

मी रोजच्यासारखी गोपीबाईच्या बराकीत शिवत बसली होती. तिच्या दोघी पोरी उद्या पहिल्यांदा शाळेत जातात, माह्या नातीच्याच वर्गात. वकिलीणबाईच्या निळ्या लुगड्याच्या दोन सलवारी निघाल्या, पिवळा काठ पायाशी घेतला. पोरी अशा गिरक्या घेऊन राहिल्या होत्या, पाहून जीव हरखला माहा.

वकिलीणबाईनं काठ ओळखला. "माझं लुगडं फाडलं? नेसायचं नव्हतं तर परत द्या."

गोपीबाईचं तोंड उतरलं. "माई, दे दूँ?" मले पुसते. लहानीनं सलवार दोन्ही हातानं गच्च धरली.

मी म्हटलं, "बाई, देलं होतं का उसनं? पदर जळलेला, मधी कसरीनं खाल्लेलं. भोकं सोडून कापलं म्हणून एवढं तरी निघालं."

मंडळातली एक म्हणते, "आजी, अशा लोकांना नवं कोण देतं?"

शी. आंघोळ केली तरी ते बोलणं अंगावरून जात नाही. भोकाचं लुगडं द्याचं, अन् वरून त्याची चौकशी. तो पिवळा काठ वकिलीणबाईच्या अंगावर कधी एवढा शोभला नसन.

जाताना म्हणाल्या, फोटोवाला आणतो, बायांनी लुगडी नेसून उभं राहाचं.

गुरुवारी येतो म्हणाल्या, दुपारी. दुपारी पोरी शाळेत असतात, त्याच निळ्या सलवारी घालून.