मंदी आधी कुणाला कळली

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं रेडिओवरचं बोलणं ऐकलं. बाबांनी सकाळीच रेडिओ टेबलावर आणून ठेवला होता. देशावर मंदी का आली ते माझी मुलगी सांगणार आहे, असं शेजारच्या दोन्ही घरांत सांगूनही आले. आकडेवारी कार्यालयात लागलीस तेव्हापासून ते तुला पंडित म्हणतात, ते उगाच नाही. छान बोललीस. आवाज जरा नाकातून येत होता.

तू म्हणालीस की मंदी अचानक आली, कुणालाच चाहूल लागली नाही. अगं, ऑक्टोबरात मी तुला काय लिहिलं होतं? बूटवाल्यांनी खोक्यांची मागणी निम्म्यावर आणली, मग पंखेवाल्यांनी, मग बल्बवाल्यांनी. आमचं तीन नंबरचं यंत्र ताडपत्रीखाली गेलं. माल बाजारात जायचा तर आधी खोकं लागतं. खोकी थांबली की पुढचं सगळं थांबणार, हे बावीस वर्षं पुठ्ठा कापणाऱ्या बाईला कळतं. तुझ्या त्या 'कुणालाच'मध्ये मला धरलं नाहीस वाटतं.

आता आमची दुसरी पाळी बंद होतेय. कुणाला घरी पाठवणार त्याची यादी शुक्रवारी लागेल. बाबांना बोलले नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मोठमोठ्यांच्या ओळखी झाल्या तरी आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चहाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून वाचलं. इथे रोज वादावादी चाललीय. एक साहेब म्हणतात, परदेशी गिऱ्हाइकं आटली. दुसरे म्हणतात, कर्जं महाग झाली. माझं म्हणणं, लोक धास्तावले आणि त्यांनी हात आखडता घेतला. कुणी कुणाचं ऐकत नाही.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी विसरले नव्हते. ते माझ्या खणात होतं. त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाच्या अंदाजाची बैठक होती आणि मी ते मुद्दाम नेलं नाही. हे फोनवर सांगता आलं नसतं. मला सहन झालं नाही, ताई. मी एवढं शिकले, आणि मला जे दिसलं नाही ते तुला यंत्रापाशी उभ्याउभ्या दिसलं. लहानपणीही मी पाढे घोकायचे आणि तू नुसतं बघून उत्तर सांगायचीस. आजही फोन केला की बाबा दोन वाक्यं बोलतात आणि म्हणतात, बाकीचं ताईशी बोल. ते रोज तुझ्या वाट्याला येतात. वाटलं, निदान एवढी एक गोष्ट माझी असू दे.

यादीचं लगेच कळव. माफ करता आलं तर कर, नाहीतर नुसती आठवण ठेव.
धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. 'अनेक उत्तम' या वेळी नाहीत.

आम्हा अठरा जणींना काढलं. यादीत माझं नाव चौथं. दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. पत्र दाखवलं असतंस तर मंदी टळली असती, असं मी म्हणत नाही. पण आमच्या मालकाने त्याच महिन्यात नवं यंत्र घेतलं ते तुमच्या कार्यालयाच्या अंदाजावर भिस्त ठेवून. कारणं शोधताय ना? मग हेही लिहा की ज्यांना दिसत होतं त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता माझंही ऐक. तुझं बोलणं आम्ही अर्धंच ऐकलं. बाबा ज्या कौतुकाने मान डोलवत होते ते मला बघवेना. मी टेबलाखालून वायर ओढली आणि वीज गेली म्हणून सांगितलं. म्हणजे तू तशी तर मी अशी.

ते पत्र साहेबांपुढे ठेव. माझं राहू दे, बाकीच्या सतरा जणींसाठी ठेव.
तुझी ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठेवलं. मोठ्या साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं की हे कुणी लिहिलंय. बहीण म्हटल्यावर ते म्हणाले, मग त्या इथे का नाहीत? सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. पाच तारखेला तुला बोलावलंय. ये. मी स्टेशनवर घ्यायला येईन.

रागावलेली आलीस तरी चालेल.
धाकटी

८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. एवढ्या लांबलचक टेबलाशी मी आयुष्यात बसले नव्हते. मी बोलत होते तेव्हा तू मागच्या खुर्चीत ओठ आवळून बसली होतीस. रेडिओसमोर मीही तश्शीच बसले होते. तुझ्या हाताशी वायर नव्हती एवढंच.

यापुढे दर महिन्याला खोक्यांच्या कारखान्यांना मागणी विचारणार, हे बरं झालं. ते फिरून विचारायचं काम मला दिलं, तेही बरं. पण सतरा जणींचं काय, असं विचारल्यावर तुझ्या साहेबांनी पुढचा कागद उलटला. कारणांचा वाद तर मी निघाले तेव्हाही चालूच होता.

घरी आल्यावर बाबांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं की तुमच्या कारखान्यात नेमकं काय चालायचं. मी पुठ्ठा, खळ, यंत्रं, मागणी, सगळं सांगत बसले. चहा गार झाला. शेवटी बाबा मान डोलवून म्हणाले, हे सगळं पंडितला लिहून कळव, तिला समजेल.

कळवलंय.
तुझी ताई