अर्धा प्याला

मुहय्यो आपा,

काल ओश शहरात तुझ्याकडे आलो, तर तू माझा प्याला काठोकाठ भरलास. आपल्यात पाहुण्याला चहा अर्धाच देतात. भरून दिला की त्यानं उठायचं. वर म्हणालीस, “चहाचं पाणी उकळायचा जुना समोवार विकून गर्दच्या पुड्या ओढल्यास, आता नव्यावर डोळा ठेवू नकोस.”

पूर्वी एवढ्या रागात मी थेट पुडीवाला गाठला असता. काल बसून राहिलो. व्यसनमुक्ती केंद्रात तेच शिकवतात, राग ओसरेपर्यंत हलायचं नाही. रिकामा प्याला पुढे केला. तू पुन्हा काठोकाठ भरलास. तोही प्यायलो.

तिसऱ्यांदा तुझा हात अर्ध्यावर थांबला, आणि तेच मला सोसवेना. चहा टाकून पळालो. पुडीवाल्याच्या गल्लीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. मायेपुढे बसून राहायला अजून कुणी शिकवलेलं नाही, आपा.

हे पत्र टाकणार नाही. निवलेला का असेना, तो अर्धा प्याला प्यायला मीच येतो.

तुझा धाकटा भाऊ,
सोबिर